दोन संगणकांचा क्लस्टर: सल्ला दुरुस्त व्हावा

महोदय,

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञान पुरवणीत घरच्या घरी कुबरनेटिस क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडून एकासारखे चालवलेले संगणक, उभारण्याविषयीचा लेख वाचला. मराठी दैनिकाने हा विषय घेतला याचा आनंद वाटला आणि लेखातील बरीचशी माहिती नीट दिलेली होती. मात्र त्यातील एक सल्ला असा आहे की, तो मानून कोणी खरेदीला निघाला तर त्याचे पैसे तर जातीलच, शिवाय घरातील डेटाही धोक्यात येईल. दोन जुने संगणक घ्यावेत, ते एकमेकांना जोडावेत, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा सगळे सांभाळून घेतो आणि कुटुंबाच्या फोटोंसाठी कोणाला दरमहा भाडे द्यावे लागत नाही, असा त्या सल्ल्याचा आशय होता. नोकरीच्या निमित्ताने मी असे क्लस्टर सांभाळतो आणि घरीही एक चालवतो, त्यामुळे या एकाच मुद्द्यावर थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी घेतो.

ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात पार्श्वभूमी सांगतो. एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे सामान एकत्र बांधून, इतरांपासून वेगळा ठेवून चालवण्याच्या पद्धतीला कंटेनर म्हणतात. त्यासाठी लागणारी सोय लिनक्सच्या गाभ्यात आधीपासून होती, पण २०१३ साली डॉकर आले आणि ती सामान्य प्रोग्रामरच्या हाती पडली. कंटेनर शेकड्यांनी वाढले की कोणता कुठल्या यंत्रावर चालवायचा, मेला तर पुन्हा कोणी उठवायचा, हे पाहायला व्यवस्थापक लागतो. कुबरनेटिस हाच तो व्यवस्थापक. गुगलने आपल्या आतल्या ‘बोर्ग’ या प्रणालीच्या अनुभवावर २०१४ मध्ये कुबरनेटिस खुले केले आणि जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती काढून ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील संस्थेकडे सोपवले. रँचर लॅब्सने २०१९ मध्ये काढलेली ‘के३एस’ ही त्याची आटोपशीर आवृत्ती रास्पबेरी पायसारख्या छोट्या यंत्रावरही चालते आणि घरी क्लस्टर करणारे बहुतेक लोक तीच वापरतात. अमेरिकेतील चिक-फिल-ए ही उपाहारगृहांची साखळी आपल्या दोन हजारांहून अधिक शाखांमध्ये याच जातीचे छोटे क्लस्टर चालवते. तेव्हा लहान यंत्रांवर कुबरनेटिस चालवणे ही काही हौशी मंडळींची लहर नव्हे, हे लेखकाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. फरक इतकाच की, त्या साखळीच्या पाठीशी पगारी अभियंत्यांचा ताफा आहे आणि एखादी शाखा कोलमडली तर ती नव्याने उभी करण्याची रीत त्यांनी आधीच बसवून ठेवलेली आहे.

आता दोन संगणकांचा हिशोब पाहू. कुठे काय चालू आहे, किती प्रती हव्यात, कोणाला कोणती गुपिते (पासवर्ड वगैरे) द्यायची, ही क्लस्टरची सारी दप्तरनोंद एटसीडी नावाच्या डेटाबेसमध्ये असते. ही नोंद एकाहून अधिक यंत्रांवर ठेवायची झाल्यास कोणताही बदल निम्म्याहून अधिक सदस्यांनी मान्य केल्याशिवाय पक्का होत नाही. एकाचे बहुमत एक, तिघांचे दोन, पाचांचे तीन. दोघांचे मात्र दोनच! म्हणजे दोन यंत्रांवर एटसीडी ठेवला तर त्यांपैकी कोणतेही एक बंद पडले की बहुमत गेले आणि दप्तर बंद झाले. एक यंत्र असताना ते एक बिघडण्याची धास्ती होती, आता दोहोंपैकी कोणतेही बिघडले तरी काम थांबते. पैसे दुप्पट घालून जोखीमही जवळजवळ दुप्पट होते. गृहनिर्माण सोसायटीची सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली तर अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी गणसंख्येविना भरवता येते, पण एटसीडीत ही सवलत मुद्दामच ठेवलेली नाही. दोन यंत्रांमधली केवळ वायर निसटली आणि दोघांनीही आपण एकटेच जिवंत आहोत असे समजून वेगवेगळ्या नोंदी सुरू केल्या, तर त्या नोंदी पुन्हा जुळवणार कोण?

यावर एक उत्तर मला ठाऊक आहे. के३एस एका यंत्रावर बसवताना एटसीडीऐवजी एसक्यूलाइट हा साधा डेटाबेस वापरते, त्यामुळे पहिले यंत्र मुख्य आणि दुसरे केवळ कामकरी अशी रचना करता येते आणि तिथे बहुमताचा प्रश्नच येत नाही. हे खरे आहे. परंतु या रचनेत मुख्य यंत्र बंद पडले तर कामकरी यंत्रावर आधीपासून चालू असलेले कंटेनर तेवढे चालू राहतात आणि मुख्य यंत्रावरचे कंटेनर इकडे आणायला कोणीच उरत नाही. लेखातील वाक्य होते ‘एक बंद पडला तरी दुसरा सांभाळतो’. या रचनेत दुसरा सांभाळत नाही, फक्त स्वतःपुरते जिवंत राहतो.

तीन यंत्रे घेतली तर प्रश्न सुटतो का? दप्तराचा सुटतो, डेटाचा सुटत नाही. घरच्या क्लस्टरविषयी उत्साहाने लिहिणारे नेमके इथेच थांबतात, म्हणून हा भाग जवळून पाहायला हवा. तीन नोडांचा, म्हणजे तीन यंत्रांचा, के३एस क्लस्टर आहे, त्यांपैकी एका नोडवर फोटोंचे ‘इमिच’ किंवा फाइलींचे ‘नेक्स्टक्लाउड’ चालू आहे आणि आपण त्या नोडची नेटवर्कची वायर उपटली, असे समजा. पाऊण-एक मिनिटात नोडांच्या यादीत त्याच्यापुढे ‘नॉट रेडी’ येते. अॅपच्या पॉडला (कुबरनेटिस कंटेनर ज्या वेष्टनात चालवते त्याला) मात्र अजून काही झालेले नसते, कारण नोड तात्पुरता हरवला असेल अशा समजुतीने कुबरनेटिस मूळ मांडणीत आणखी पाच मिनिटे वाट पाहते. या काळात घरातील माणसे फोनवर फिरते चक्र पाहत बसतात. पाच मिनिटे संपली की जुन्या पॉडपुढे ‘टर्मिनेटिंग’ येते आणि ते तसेच राहते, कारण ज्याने तो पॉड बंद करायचा तो नोडच संपर्कात नसतो. दरम्यान नवा पॉड तयार झालेला असतो, पण त्याच्यापुढे ‘पेंडिंग’. का, असे विचारले तर उत्तर येते की या पॉडला हवी असलेली डिस्क ज्या नोडशी बांधलेली आहे तो नोड उपलब्ध नाही.

हा बिघाड नव्हे, मूळ मांडणीच अशी आहे. के३एस बरोबर येणारी साठवणुकीची सोय डेटा त्या त्या नोडच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवते, म्हणून अॅप कितीही चपळ असले तरी फोटो ज्या डिस्कवर आहेत तिथेच ते अडकून पडते. कंटेनर क्षणात इकडून तिकडे जातो, पण चारशे जीबीचे फोटो जात नाहीत. ज्या अॅपला स्वतःचे काही साठवायचे नसते, त्यांच्या बाबतीत लेखातील वर्णन खरे ठरते. घरात अशी अॅप किती असतात? घर सर्व्हर ठेवते तेच मुळी काहीतरी साठवण्यासाठी.

यावर उपाय आहेत. लाँगहॉर्नसारखी प्रणाली प्रत्येक डिस्कच्या प्रती वेगवेगळ्या नोडांवर ठेवते, मूळ मांडणीत तीन. मग नोड गेला तरी प्रत उरते. पण त्यासाठी प्रत्येक लेखन नेटवर्कवरून तिन्हीकडे पोहोचावे लागते, तिप्पट डिस्क लागते आणि या प्रणालीची स्वतःची मेमरी व प्रोसेसरची भूक छोट्या यंत्रांना चांगलीच जाणवते. एटसीडीचेही लाड आहेत. शंभरातील नव्याण्णव लेखने दहा मिलिसेकंदांच्या आत डिस्कवर पक्की व्हावीत अशी त्याची अपेक्षा असते, आणि रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डाकडून ती पुरी होत नाही. कार्ड मंदावते, एटसीडीच्या सदस्यांनी एकमेकांना ‘जिवंत आहे’ असे कळवणारे ठोके चुकतात, त्यांच्यातला नोंदी चालवणारा पुढारी पुन्हा पुन्हा निवडला जातो, आणि कशानेच काही बिघडलेले नसताना क्लस्टर अधूनमधून गप्प होतो. सतत लिहिल्याने ही कार्डे लवकर मरतात ते वेगळेच. लेखात मेमरी कार्डाऐवजी एसएसडी घ्यावी असे एक वाक्य जरी असते तरी अनेकांचा त्रास वाचला असता.

आणि या तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, हे ठसठशीत अक्षरांत छापायला हवे. घरातल्या कोणी चुकून एक अल्बम पुसला तर तो तिन्ही डिस्कांवरून एकाच वेळी पुसला जातो. एखाद्या अॅपच्या नव्या आवृत्तीने डेटाबेस बिघडवला तर तिन्ही प्रती सारख्याच बिघडतात. के३एस एटसीडीवर चालवले तर ते दर बारा तासांनी त्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची प्रत) घेते आणि शेवटचे पाच ठेवते, हे वाचून अनेकांना हायसे वाटते. पण त्या स्नॅपशॉटमध्ये क्लस्टरचे दप्तर असते, फोटो नसतात, आणि तो मुळात त्याच यंत्राच्या डिस्कवर ठेवलेला असतो. शिवाय तो परत बसवताना क्लस्टरचे मूळ टोकन (गुप्त परवलीचा शब्द) हाताशी लागते, आणि ते बहुतेकांनी वेगळे लिहून ठेवलेले नसते.

आता घराकडे येऊ. डेटा सेंटरमध्ये तीन यंत्रे म्हणजे तीन वेगळ्या रॅक, वेगळा वीजपुरवठा, वेगळे स्विच. आपल्या घरात तीन यंत्रे म्हणजे टीव्हीच्या कपाटातील एकच एक्स्टेंशन बोर्ड, एकच राउटर, एकच फायबरची तार, आणि पावसाळ्यात रोहित्रावर फांदी पडली की सगळ्यांची मिळून एकच गत. इन्व्हर्टर असला तरी दिवे जाऊन येण्याच्या त्या क्षणात काही यंत्रे तग धरतात आणि काही पुन्हा सुरू होतात. शिवाय अनेक घरांत इन्व्हर्टरची लाइन पंखे आणि दिव्यांपुरतीच असते आणि राउटर जिथे आहे तो सॉकेट तिच्यावर नसतो. तीनशे रुपयांचा बोर्ड जर तिन्ही नोडांना एकाच वेळी पाडू शकत असेल, तर नोड तीन काय आणि एक काय. म्हणून चौथ्या नोडचा विचार करणाऱ्याने आधी त्याच पैशांत चांगला यूपीएस घ्यावा आणि वीज गेल्यावर यंत्रे आपोआप नीट बंद होतील अशी व्यवस्था करावी.

विजेच्या खर्चाचा उल्लेख लेखात नव्हता. ऑफिसातून निघालेले तीन छोटे डेस्कटॉप आणि एक स्विच मिळून सावकाश चालतानाही साधारण चाळीस वॅट घेतात असे धरले, तर महिन्याला सुमारे एकोणतीस युनिट होतात. आकडा लहान दिसतो, पण ज्यांचा वापर शंभर युनिटांच्या जरा आत असतो त्यांना महावितरणच्या पुढच्या टप्प्याचा दर लागू होऊ लागतो. क्लाउडचे मासिक भाडे वाचवण्यासाठी क्लस्टर करणाऱ्याने आधी आपले वीजबिल उलटून पाहावे.

बाहेरून घरच्या सर्व्हरशी जोडून घेण्याबद्दल लेखात ‘राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याचे दार) उघडा’ इतकेच होते. आपल्याकडील बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर ते चालतच नाही, कारण अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता दिलेला असतो. आपल्या राउटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होणारा पत्ता दिसला तर आपण त्या सामाईक पत्त्यामागे आहोत असे समजावे. तिथे कितीही पोर्ट उघडली तरी बाहेरचे कोणी आत पोहोचत नाही. या व्यवस्थेचा आणखी एक गमतीदार फटका बसतो. कंटेनर ज्यांपासून बनतात त्या तयार इमेज जिथून मिळतात त्या डॉकर हबने नोव्हेंबर २०२० पासून खाते नसलेल्यांना इमेज उतरवण्यावर मर्यादा घातली, आणि ती आयपी पत्त्यावरून मोजली जाते. त्यामुळे शेजारच्या गल्लीतील अनोळखी माणसाने मर्यादा संपवली तर आपल्या क्लस्टरला इमेज मिळत नाही, आणि आपण मात्र आपलीच मांडणी तपासत बसतो. फुकट का होईना, खाते काढून लॉगिन करणे हा त्यावर साधा उपाय.

जिथे पोर्ट उघडता येतात तिथेही उघडू नयेत, असे माझे मत आहे. २०१८ मध्ये टेस्लासारख्या कंपनीचा कुबरनेटिस डॅशबोर्ड (नियंत्रणाचे पान) पासवर्डविना इंटरनेटवर उघडा राहिला आणि अज्ञात लोकांनी तिच्या यंत्रांवर क्रिप्टो चलन काढून घेतले. जे तिथे झाले ते टीव्हीच्या कपाटात होणार नाही असे कोणी समजू नये. घरच्यांच्या फोनवर घराशी खासगी जोडणी (व्हीपीएन) करणारे वायरगार्ड किंवा त्यावर बेतलेले टेलस्केल घालून द्यावे, म्हणजे काम होते आणि बाहेरच्या जगाला दार दिसतही नाही. सामाईक पत्त्यामागेही टेलस्केल चालते.

एवढे वाचून मी घरच्या क्लस्टरच्या विरोधात आहे असा समज होईल, म्हणून स्पष्ट करतो की कुबरनेटिस शिकू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो करावा असेच मी सांगत असतो. क्लाउड कंपन्यांकडे तयार क्लस्टर मिळतो, तिथे लोड बॅलन्सर (बाहेरून येणारी मागणी योग्य यंत्राकडे वळवणारी सोय) मागितला की काही क्षणांत पत्ता येतो, आणि तो कुठून आला हे विद्यार्थ्याला कधीच कळत नाही. कुबरनेटिस घरी पूर्ण रीतीने बसवले की तीच मागणी ‘पेंडिंग’ म्हणून पडून राहते. मग असे पत्ते देणारे मेटलएलबी बसवावे लागते, घरच्या नेटवर्कमधील काही पत्ते राउटरच्या वाटपातून वेगळे काढून त्याला द्यावे लागतात, आणि एखादे यंत्र ‘हा पत्ता कोणाचा?’ या एआरपीच्या विचारणेला उत्तर देऊन पत्ता आपल्याकडे कसा ओढून घेते हे डोळ्यांनी दिसते. क्यूबएडीएम या कुबरनेटिसच्याच साधनाने बसवलेल्या क्लस्टरची प्रमाणपत्रे वर्षभराने संपतात, वर्षाला साधारण तीन नव्या आवृत्त्या येतात, प्रत्येकीला सुमारे चौदा महिने पाठिंबा मिळतो आणि मुख्य नोडाला मधली आवृत्ती ओलांडून उडी मारता येत नाही. कुबरनेटिस प्रशासकांसाठीच्या दोन तासांच्या प्रात्यक्षिक सीकेए परीक्षेत क्लस्टर अद्ययावत करण्यापासून बंद पडलेला नोड दुरुस्त करण्यापर्यंतची हीच कामे हाताने करून दाखवावी लागतात. मुलाखतीला येणारी मुले आज्ञा पाठ करून येतात, पण ‘नोड नॉट रेडी झाला, आधी काय पाहाल?’ या प्रश्नावर अडखळतात. ज्याने घरी वायर उपटून पाहिली आहे तो अडखळत नाही. त्यासाठी लीजवरून परत आलेले छोटे डेस्कटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपापल्या शहरातील जुन्या संगणकांच्या दुकानांत मिळतात. तेवढेही परवडत नसेल तर आठ जीबीचे एकच यंत्र घेऊन त्यावर तीन आभासी यंत्रे करावीत. शिकायला तीही पुरतात.

मात्र शिकण्याचा क्लस्टर मोडायला मोकळा हवा, आणि आईवडिलांचे फोटो ज्यावर आहेत तो क्लस्टर मोडायला कोणी धजावत नाही. या दोन गोष्टी एकाच यंत्रांवर ठेवल्या की मुलगा शिकतही नाही आणि फोटो सुरक्षितही राहत नाहीत. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि पंधरा जीबीच्या मर्यादेत सगळे मोजले जाऊ लागले, तेव्हापासून घरच्या सर्व्हरकडे पाहणारी कुटुंबे वाढली असतील तर ते समजण्यासारखे आहे. त्यांना माझे सांगणे असे की घरासाठी एकच बऱ्यापैकी यंत्र घ्यावे आणि त्यावर डॉकर कंपोज या, एकाच यंत्रावरचे कंटेनर एकत्र चालवणाऱ्या साधनाच्या एका फाइलीत अॅप मांडावीत. कुबरनेटिस मुळीच नसले तरी घराचे काही अडत नाही. दुसऱ्या यंत्राच्या पैशांत दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात, त्यांतील एक दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवावी आणि येता-जाता त्यांची अदलाबदल करावी. मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेला आणि सर्व्हर कोल्हापूरच्या घरी राहिला, तर तो कोण सांभाळणार हेही आधी ठरवावे. यंत्र बंद करून पुन्हा कसे सुरू करायचे, डिस्क कोणती आणि पासवर्ड कुठे आहेत, हे मराठीत एका कागदावर लिहून घरातील दुसऱ्या कोणाकडून ते एकदा करून घ्यावे. तीन नोडांच्या क्लस्टरसाठी असा कागद लिहायला बसले म्हणजे तो एका पानात मावत नाही, हे लगेच लक्षात येते.

या लेखमालेचा पुढील भाग प्रत्यक्ष मांडणीवर असेल असे आपण जाहीर केले आहे. त्याआधी दोन संगणकांविषयीच्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी, कारण तो लेख वाचून खरेदीच्या तयारीत असलेल्या दोघांनी माझ्याकडे विचारणाही केली आहे. पुढील भागात अॅप बसवण्याच्या पायरीनंतर लगेचच एक पायरी अशी घालावी की वाचकाने काही खोटे फोटो त्यात टाकावेत, ते यंत्र पूर्ण पुसावे आणि बॅकअपवरून ते फोटो परत आणून दाखवावेत. खऱ्या फोटोंना त्यानंतरच हात घालावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, कोल्हापूर